वरच्या मजल्यावरची ओल

दाढी करताना गालावर ब्लेड लागलं, ते वरून स्वतःचा उल्लेख ऐकू आला म्हणून. न्हाणीघराच्या लहानशा खिडकीबाहेर इमारतीचा डक्ट होता. पाइप, कबुतरांची घाण आणि सगळ्या मजल्यांचे आवाज त्यातून खाली येत. कुणाचं भांडं पडलं, कुणी नवऱ्याला काय सुनावलं, हे तो रोज सकाळी फुकटात ऐकायचा आणि तोंड धुताना विसरून जायचा. आज मात्र थेट वरच्या मजल्यावरच्या दातवाल्याचा आवाज आला, नेहमीपेक्षा खालच्या पट्टीतला. "आणि बापा, खालच्या आमच्या सर्व्हेअरभाऊंची आठवण ठेव. त्यांच्या मनातली भीती तू जाणतोस. ती दूर कर. येशूच्या नावानं मागतो." त्यावर बाईच्या आवाजातलं आमेन, मग खुर्ची सरकल्याचा आवाज, मग नळ. एवढंच. आरशात अर्ध्या तोंडाला फेस होता आणि उरलेल्या अर्ध्यात रक्ताची बारीक रेघ उतरत होती. भीती? कसली भीती? त्यानं बेसिनच्या कडेला हात टेकवले आणि स्वतःच्या तोंडाकडे नीट बघितलं, एखाद्या जळक्या दुकानाकडे बघावं तसं. आणि कसली का असेना, ती यांना कोणी सांगितली? हा दुसरा प्रश्न त्याला पहिल्याहून जास्त झोंबला.

हे कोणी सांगितलं, हाच त्याच्या धंद्यातला पहिला प्रश्न असे. विमा कंपनीच्या वतीनं तो नुकसानीची पाहणी करायचा. आग लागलेली गोदामं, पाणी शिरलेली तळघरं, छत कोसळलेल्या खोल्या. लोक त्याला बसायला खुर्ची देत, चहा विचारत, आणि तो कशालाही हात न लावता उभा राहून म्हणे, "काय झालं ते सांगा." ते झालं की म्हणे, "आता मधून सांगा." आणि शेवटी अगदी साधेपणानं, "शेवटापासून मागं मागं सांगा बरं." खरं बोलणारा माणूस अडखळतो, विसरतो, बायकोला विचारतो. खोटं बोलणाऱ्याचं सगळं कसं इस्त्री केल्यासारखं असतं. पण त्याची खरी मदार दुसऱ्याच गोष्टीवर होती. माणूस न विचारलेलं काहीतरी मधेच घालतो. त्या दिवशी मी घरी नव्हतो बरं का. दार मात्र मी नीट लावलं होतं. जिथं असं काही आपण होऊन येतं, तिथं खणायचं. ऑफिसात नवीन पोरांना तो हेच शिकवायचा, आणि पोरं पाठीमागे म्हणायची, साहेब स्वतःच्या लग्नातसुद्धा नवरीला तीनदा विचारून आले असतील. हेही त्याला माहीत होतं. माहीत नसलेलं फारसं काही तो आजूबाजूला राहूच देत नसे, आणि आता हा वरचा माणूस देवाला त्याच्याबद्दल काहीतरी सांगत होता.

दातवाला हे नाव अर्थातच इमारतीनं ठेवलेलं. म्हातारा कवळ्या बनवायचा. दवाखान्यातून ठसे यायचे, तो घरातल्या बाकावर बसून त्यात प्लास्टर ओतायचा, मेणाचे हिरडे करायचा, एकेक दात बसवायचा. त्याची बायको नर्स होती, निवृत्त झाली तरी सगळे तिला सिस्टरच म्हणत. ते राहायला आले आणि थोड्याच दिवसांत सर्व्हेअरच्या बाहेरच्या खोलीत, बरोबर त्याच्या खुर्चीच्या वर, छताला ओल आली. आधी बशीएवढी, मग ताटाएवढी. त्याला मनातून बरंच वाटलं होतं. निदान हे भांडण तरी आपल्या हातखंड्यातलं. फोटो काढले, डागाच्या कडेला पेन्सिलीनं रेघ मारली, वरचे काय काय नाकारतील ते सगळं मनात घोळवून ठेवलं. आणि तो पायऱ्या चढणार तोच दातवाला स्वतः खाली आला. दारात उभा राहून म्हणाला, "भाऊ, चूक आमची आहे. आमच्या मोरीचा पाइप सडलाय. मी बदलून घेतो आणि तुमचं छत माझ्या हातानं नीट करून देतो." इतक्या वर्षांच्या नोकरीत चूक आमची आहे असं कुणी त्याला म्हटलं नव्हतं. त्याच्या मानेवरचे केस उभे राहिले. बायको म्हणाली, "अहो, आत तरी बोलवा त्यांना."

पाइप बदलला, छत वाळलं, आणि दातवाला बादली, थापी आणि उंच स्टूल घेऊन हजर झाला. कवळ्यांचंच प्लास्टर आणलं होतं त्यानं. "पटकन धरतं आणि दगडासारखं होतं," तो स्टुलावर चढून म्हणाला. "तुमच्या छताला आता मोफत कवळी." बायको खळखळून हसली. तिचं असं हसणं सर्व्हेअरनं बऱ्याच दिवसांत ऐकलं नव्हतं, त्याचीही त्यानं मनात नोंद केली. काम झाल्यावर म्हाताऱ्याला उतरता येईना. गुडघा वाकत नव्हता. एक पाय खाली सोडून तो चाचपडत राहिला, तेव्हा बायकोनं पुढं होऊन खांदा दिला. सर्व्हेअर बाजूला उभा राहून बघत होता, थापी भिंतीला कुठं लागली तर नाही ना. नंतर त्याला वाटलं की हात आपण द्यायला हवा होता. पण तोवर म्हातारा खाली उतरून बादली धूत होता.

तेव्हापासून शनिवारी संध्याकाळी बुद्धिबळ सुरू झालं. कोणी सुचवलं ते आठवत नाही. आणि हेच, कोणी सुचवलं ते न आठवणं, त्याला पुढं फार लागलं. म्हातारा खेळायचा बरा, हरायचाही. एकदा सर्व्हेअरला शंका आली की हा मुद्दाम हरतोय, आपल्याला खूश ठेवायला. म्हणून त्यानं पुढच्या डावात आपला वजीर उघडा टाकला आणि दुसरीकडे बघत बसला. दातवाल्यानं क्षणाचाही विचार न करता वजीर उचलला, "गेला बघा!" म्हणून मांडीवर थाप मारली आणि लहान पोरासारखा आनंदला. सर्व्हेअरला इतकं हायसं वाटलं की तो त्या रात्री जेवताना दोनदा आपणहून बोलला. बायकोला ताप आला तेव्हा सिस्टर येऊन बसली, सूप करून गेली, कपाळावर पट्ट्या ठेवल्या. सगळं छान चाललं होतं. आणि मग एका शनिवारी, सोंगट्या डब्यात भरताना, दातवाला म्हणाला, "गुरुवारी संध्याकाळी आम्ही वर थोडं बायबल वाचतो. दोघंचौघं असतो. साधंच. वाटलं तर या." वाटलं तर या. सर्व्हेअर मान हलवून "बघू" म्हणाला आणि आत कुठंतरी एक जुना दरवाजा धाडकन लागला. हं. म्हणजे हे होतं तर. पाइप, प्लास्टर, वजीर, सूप, सगळं एका रांगेत येऊन उभं राहिलं. पाइप मुद्दाम तर फोडला नसेल ना, इथपर्यंत त्याची मजल गेली. स्वतःचंच त्याला हसू आलं, तरी गच्चीवर टाकलेला तो जुना पाइप तो हळूच बघून आला. आतून पार सडलेला होता, खऱ्याखुऱ्या गंजानं. तेवढ्यापुरतं समाधान झालं.

दरवाजा जुना होता, म्हणजे रविवारच्या काकांच्या वेळचा. खरे काका नव्हेत. वडील एका छापखान्यात मोठ्या जागेवर होते आणि हे काका दर रविवारी सकाळी घरी यायचे. हातात पिशवी, पिशवीत लाकडाचे तुकडे, पॉलिश पेपर, सरस. सर्व्हेअर तेव्हा शाळेत जात होता. त्या दोघांनी मिळून एक जहाज करायला घेतलं होतं. काका तासायचे, तो घासायचा. काका त्याला कप्तान म्हणायचे. जहाजाचा तळ झाला, बाजू झाल्या, बारीक कठडा झाला. डोलकाठी तेवढी राहिली होती, पुढच्या रविवारी लावायची होती. त्या आठवड्यात वडिलांच्या शब्दावर काकांना छापखान्यात हवी ती जागा मिळाली. पुढच्या रविवारी तो सकाळपासून खिडकीत बसला, सरस गरम करून. त्याच्या पुढच्या रविवारीही. आईनं विचारलं तेव्हा वडील वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाले, "कामाचा माणूस होता. काम झालं." त्यांना त्यात काही विशेष वाटलं नाही, हेच विशेष होतं. सरसाचा तो वास, उकळलेल्या चामड्यासारखा, अजून कुठं आला की त्याच्या जबड्याला रग लागायची. जहाज पुष्कळ वर्षं कपाटावर होतं, डोलकाठीशिवाय, आणि पाहुणे त्याला होडी म्हणायचे.

गालाला तुरटी लावून तो स्वयंपाकघरात आला. बायको डबा भरत होती. गुरुवारी ती वर जाते हे त्याला ठाऊक होतं. तिनं ते लपवलं नव्हतं, त्यानं विचारलं नव्हतं. "माझ्या भीतीबद्दल वर कोणी सांगितलं?" त्यानं विचारलं. ती वळली. "कसली भीती?" "ते मला माहीत असतं तर तुला विचारलं असतं का?" ती जरा वेळ आठवत राहिली. "अहो, तुम्ही झोपेत दात खाता. करकर आवाज येतो, मी दचकून उठते. तेवढं मी वरच्या भाऊंना सांगितलं, म्हटलं दातांचं काही होतं का बघा. ते म्हणाले, ठसा दिला तर रात्री घालायची पट्टी करून देतो. भीतीबिती मी नाही बोलले. ती त्यांनी आपली लावली असेल." मग चेष्टेनं, पण अगदीच चेष्टेनं नव्हे, म्हणाली, "का? नाही का वाटत तुम्हाला कसली?" तो म्हणाला, "ते लोक असेच असतात. आधी माणसाचं दुखणं शोधायचं, मग औषध घेऊन दारात उभं राहायचं." डब्याचं झाकण तिनं जरा जोरात लावलं. "मला तिथं बरं वाटतं," ती म्हणाली. "तिथं कोणी मला शेवटापासून मागं मागं सांग म्हणत नाही. तुम्हाला एवढा संशय आहे तर येऊन पाहणी करा ना. सवय आहेच." हे तिनं टोमणा म्हणून म्हटलं, पण दिवसभर एका पाणी शिरलेल्या गोदामात गुडघाभर चिखलात उभं राहून तो हेच घोळवत होता. खरं काय ते एकदा कळलं पाहिजे. म्हातारा बुद्धिबळासाठी येतो की याच्यासाठी? दोन्हींसाठी येत असेल, असं त्याच्या मनात आलंच नाही. धर्माशी त्याचं काही वाकडं नव्हतं. त्याला शनिवार हवा होता, आणि शनिवारच्या पोटात काही दडवलेलं नको होतं.

गुरुवारी तो बायकोच्या मागोमाग वर गेला. खोली त्याच्याच खोलीसारखी, फक्त खिडकीपाशी बाक आणि भिंतीवर फळी. फळीवर प्लास्टरचे जबडे मांडलेले, वरचे, खालचे, कुणाकुणाचे. सगळे दात विचकून त्याच्याकडे बघत होते. हवेला मेणाचा आणि ओल्या प्लास्टरचा वास होता. तळमजल्यावरच्या शिवणकाम करणाऱ्या बाई आधीच येऊन बसल्या होत्या, बोटात अजून सुईचं अंगुस्तान. "या या, सर्व्हेअरसाहेब," सिस्टर म्हणाली, आणि त्याला भिंतीजवळची खुर्ची दिली, दार दिसेल अशी. हे मुद्दाम की सहज? बसताना त्यानं घड्याळ, दार, माणसं सगळं नजरेनं टिपून घेतलं. पद्धत साधी होती, दातवाल्यानं दोन वाक्यांत सांगितली. एक गोष्ट मोठ्यानं वाचायची. पुस्तक मिटायचं. मग एकेकानं ती आपल्या शब्दांत सांगायची. मग पुस्तक उघडून बघायचं, आपण काय गाळलं, काय पदरचं घातलं. मग तिच्यातून आज आपल्याला काय करावंसं वाटतं तेवढं बोलायचं. "एवढंच," तो म्हणाला. सर्व्हेअर मनात हसला. ही तर आपलीच पद्धत. याला कोणी शिकवली?

गोष्ट छपराची होती. एका घरात येशू बोलत होता आणि दारापर्यंत गर्दी झाली होती. चौघांनी एका लुळ्या माणसाला बाजेवर घालून आणलं, आत जाता येईना, म्हणून ते छपरावर चढले, छप्पर उचकटलं आणि बाज दोरांनी खाली सोडली. सिस्टर वाचत होती, वॉर्डात तापमान सांगावं तशा सुरात. येशू त्या माणसाला म्हणाला की तुझ्या पापांची क्षमा झाली आहे. तिथं शास्त्री बसले होते, ते मनातल्या मनात शंका घेऊ लागले की हा असं कसं बोलतो. त्यांचं काय चुकलं, सर्व्हेअरला वाटलं, त्या खोलीत डोकं ठिकाणावर असलेले तेवढेच. शेवटी येशूनं त्या माणसाला सांगितलं, ऊठ, बाज उचल, घरी जा. आणि तो उठून गेला. पुस्तक मिटलं. शिवणाऱ्या बाईंनी सुरुवात केली. त्यांच्या गोष्टीत ते चौघे त्या माणसाचे सख्खे भाऊ होते, आणि दोर कमी पडला तेव्हा त्यांनी अंगावरची वस्त्रं गाठी मारून जोडली. "भाऊ असं काही लिहिलेलं नाही हं," सिस्टर हळूच म्हणाली. "नाही? अगं बाई!" म्हणून बाई तोंडावर हात ठेवून हसल्या, मग बराच वेळ अंगुस्तान फिरवत बसल्या. तीन-चार भावंडं असूनही त्या मशीनवर एकट्या का राबतात, ते सर्व्हेअरला आता विचारायची गरज उरली नाही. लोक असेच सापडतात. त्याची बायको बोलली, तिनं गर्दीचाच भाग लांबवला. मग सगळ्यांनी त्याच्याकडे बघितलं.

"आधी एक विचारतो," तो म्हणाला. "छप्पर नंतर कोणी नीट केलं?" दातवाला एवढा मोठ्यानं हसला की फळीवरचे जबडे हलले. "कधी मनातच आलं नाही हो! इतकी वर्षं वाचतोय!" सर्व्हेअरलाही हसू आलं, त्याला ते आवडलं, आणि आवडलं म्हणून तो गाफील झाला. तो सांगू लागला. गर्दी सांगितली, जिना सांगितला, छपराचा माती-काटक्यांचा थर कसा उचकटला असेल ते अगदी पाहिल्यासारखं सांगितलं. "मग बाज खाली सोडली. दोर हळूहळू सुटत होते. त्या माणसाच्या तोंडावर धूळ पडत होती, ती त्याला पुसता येत नव्हती. वर भोकाच्या कडेला चार तोंडं दिसत होती. तो त्यांच्याकडे बघत होता आणि त्याच्या मनात चाललं होतं, यांना माझ्याकडून काय पाहिजे? दुसऱ्याचं छप्पर फोडतात, एवढे कष्ट करतात, ते काय उगीच? मी बरा झालो तर हे काय मागतील? आणि नाही झालो, तर मला इथंच टाकून निघून जातील का?" तो पुढं सांगत गेला, ऊठ म्हटलं, उठला, घरी गेला. शिवणाऱ्या बाई अगदी भाबडेपणानं म्हणाल्या, "हे होतं का यात? मला ऐकल्याचं आठवत नाही." त्यानं सिस्टरच्या हातातून पुस्तक घेतलं. ओळीवरून बोट फिरवलं, एकदा, पुन्हा. नव्हतं. बाजेवरचा माणूस सबंध गोष्टीत एक चकार शब्द बोलत नाही, काही विचार करत नाही. बाकी सगळ्यांच्या मनातलं त्यात आहे, त्याच्या मनातलं नाही. न विचारलेलं मधेच कोणी घातलं होतं? बायको मांडीवरच्या हातांकडे बघत होती. दातवाला काहीच म्हणाला नाही. एखादा शब्द जरी बोलला असता तरी सर्व्हेअरला तो पकडता आला असता. कानशिलं तापली, आणि झोपेत होतो तसा जबडा घट्ट मिटला.

निघताना जिन्यात दातवाला निरोप द्यायला बाहेर आला. सर्व्हेअर दोन पायऱ्या खाली उतरून थांबला आणि वर बघून म्हणाला, "मी पुन्हा येणार नाही. आणि स्पष्टच सांगतो, मी तुमच्या मार्गाला कधी लागणार नाही. आज नाही, मरतानाही नाही. म्हणजे तुमचा वेळ फुकट जायला नको." दातवाल्यानं कठड्यावर हात ठेवला होता, त्या हाताच्या नखांत पांढरं प्लास्टर होतं. तो म्हणाला, "बरं." एवढंच. बरं! सर्व्हेअरनं त्या दोन अक्षरांची रात्रभर उलटतपासणी केली. राग होता त्यात? सुटका होती? फाइल बंद करताना आपण म्हणतो तसं होतं ते बरं? शेजारी बायको जागी आहे हे त्याला कळत होतं, आणि आपण जागे आहोत हे तिला कळतंय हेही.

शनिवारी त्यानं पट मांडला. मुद्दाम लवकर नाही, मुद्दाम उशिरा नाही. दिवा लावला. वर पावलं वाजत होती, एक पाय जरा ओढत टाकल्यासारखी. ती बाकापासून दारापर्यंत यायची आणि परत फिरायची. दारावर टकटक झाली नाही. अंधार पडला तशी बायको येऊन बघून गेली. सोंगट्या डब्यात भरताना तो म्हणाला, "कामाचा माणूस होता. काम झालं नाही." वडिलांचाच आवाज निघाला तोंडातून, तोच वर्तमानपत्राआडचा. "बघ, मी म्हणत होतो की नाही?" आपण म्हणालो तेच खरं झालं, याचा आनंद व्हायला हवा होता. तो थोडा वेळ वाट बघत बसला, आनंद येतो का म्हणून. बायको म्हणाली, "तुम्हीच त्यांना हाकलून दिलंत आणि आता तुम्हीच म्हणताय ते गेले." "मी खरं काय ते सांगितलं. ज्याला नुसतं बुद्धिबळ खेळायचं असतं, त्याला त्यानं काय फरक पडतो?"

पुढचा शनिवार तसाच गेला. मग गुरुवारी ती वरून आली तेव्हा त्यानं वर्तमानपत्रातून डोकं न काढता विचारलं, "काही म्हणत होते का?" "कशाबद्दल?" "काही नाही." सकाळी दाढी करताना तो नळ बंद करून डक्टकडे कान देऊन उभा राहू लागला. आता तरी नाव घेतात का? वरची खिडकी थंडीमुळं बंद असायची. नुसती कुजबुज खाली यायची, शब्द नाही. आपल्याला ती भीती-बापा-आमेनची कटकट ऐकायची आहे, हे कळल्यावर त्याला स्वतःची लाज वाटली. ऑफिसातून आल्यावर तो खुर्चीत मान मागं टाकून पडायचा आणि वर बघत राहायचा. छतावर तो तुकडा होता, बाकीच्या छतापेक्षा पांढरा, गुळगुळीत, कडेनं थापीचा बारीक वळसा. एकही भेग नाही. किती पक्कं काम केलं होतं म्हाताऱ्यानं! कुठं पिवळसर झालंय का, फुगलंय का, हे तो डोळे बारीक करून शोधायचा. ओल परत यावी, असं त्याला वाटत होतं. एवढा हिशेबी माणूस, दुसऱ्यांची नुकसानं नाकारण्यात हयात गेलेला, आपलंच छत गळावं म्हणून वाट बघत होता.

तिसऱ्या शनिवारी बायको शिवणाऱ्या बाईंकडे गेली होती. त्यानं पट काढला, परत ठेवला, चपला घातल्या आणि वर जाऊन बेल वाजवली. दार दातवाल्यानंच उघडलं. अंगात कामाचा अंगरखा, कपाळावर चष्मा. "ओल आली आहे," सर्व्हेअर म्हणाला. "परत. तिथंच." आपण काय बोललो ते त्याला तत्क्षणी कळलं. आयुष्यातला पहिला खोटा दावा त्यानं केला होता, आणि तोही किती कच्चा! म्हाताऱ्यानं "असं?" म्हटलं, आत जाऊन बॅटरी घेतली, स्टूल उचललं. सर्व्हेअरनं ते त्याच्या हातातून घेतलं नाही. घ्यावं की नाही, याचा विचार करेपर्यंत ते खाली पोचले होते.

दातवाला स्टुलावर चढला. बॅटरीचा झोत छतावरून फिरवला, मग आपला पांढुरका पंजा त्या तुकड्यावर सपाट ठेवला आणि तसाच ठेवून उभा राहिला, ताप बघावा तसा. सर्व्हेअर खाली उभा होता. वरून प्लास्टरची थोडी भुकटी त्याच्या चेहऱ्यावर पडली. "कोरडं आहे," म्हातारा म्हणाला. "ठणठणीत कोरडं आहे, भाऊ." मग खाली बघून त्यानं विचारलं, "कधी आली होती?" "नव्हती आली," सर्व्हेअर म्हणाला. आणि मग घसा न खाकरता, आवाज न चढवता, "तुम्ही शनिवारी आला नाहीत."

दातवाल्यानं हात छतावरून काढला नाही. "कसा येणार?" तो म्हणाला. "आलो असतो तर तुम्ही म्हणाला असता, मागं लागलाय. नाही आलो, तर म्हणणार काम झालं नाही, सोडून दिलं. दोन्ही शनिवारी दारापर्यंत आलो आणि परत फिरलो. सिस्टर मला हसते. कुठून यायचं तुमच्याकडे, तेवढं तरी सांगा." हे आपण होऊन सांगितलेलं होतं, पण त्यात खणण्यासारखं काही सापडेना. ओढत टाकलेलं ते पाऊल, बाकापासून दारापर्यंत, दारापासून बाकापर्यंत. त्यानं स्वतः ऐकलं होतं. पुरावा त्याच्याच कानांत होता आणि त्यानं तो वाचलाच नव्हता. तरीही जबडा सुटेना. त्यानं वर बघितलं. छताच्या पांढऱ्या तुकड्याशेजारी ते म्हातारं तोंड त्याच्याकडे वाकून बघत होतं, आणि जे वाक्य कुठल्याच पुस्तकात नव्हतं ते या वेळी मनात न राहता तोंडातून बाहेर पडलं. "तुम्हाला माझ्याकडून काय पाहिजे?"

"एक पाहिजे ते तुम्हाला माहीत आहे," दातवाला म्हणाला. "तुम्ही यावं. ते मी लपवलेलं नाही, आणि ते वाटायचं थांबेल असं खोटंही सांगणार नाही. रोज मागतो." त्याचा गुडघा थरथरू लागला होता. बॅटरीचा झोत भिंतीवर हलत होता. सर्व्हेअर थांबला, अजून काहीतरी असणार, खरं ते पुढं असणार. दातवाल्यानं एक पाय खाली सोडला, चाचपडला, परत वर घेतला.

"आणि आत्ता या घडीला विचारत असाल," तो म्हणाला, "तर हात पाहिजे. चढलो खरा, पण उतरवत नाहीये."

सर्व्हेअर पुढं झाला. आधी एक हात, मग दुसरा. म्हाताऱ्याच्या काखेत हात घालून त्यानं ते सगळं वजन छातीवर घेतलं. वाटलं होतं त्यापेक्षा ते जड होतं, आणि अंगाला प्लास्टरचा वास होता. तो त्याला हळूहळू, जमिनीला पाय टेकेपर्यंत, खाली सोडत राहिला.